इव्हानोचा दुभाषा

संपादकांनी मला आखातातल्या नोकरीवर लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तेलाच्या विहिरी, रणरणतं ऊन आणि इकाम्यासाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, मारलेले हेलपाटे असावेत. ते सगळं मी भोगलं आहे, पण त्यावर दर दिवाळीला कोणी ना कोणी लिहितंच. मी लिहिणार आहे ते माझ्या दुसऱ्या कामाबद्दल. मी दुभाषा होतो. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे पोचवली आणि आता निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःची लिहितो आहे. थोडं चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा श्रीवर्धनकडचा. शाळा मराठी माध्यमाची, घरात कोकणी आणि मदरशात अरबी, म्हणजे अक्षरं वाचता यायची पण अर्थ मौलवींनाच ठाऊक. सौदीत जुबैलला एका इटालियन ठेकेदार कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागलो. गोदामाला एक खिडकी होती. तिच्यासमोर इटालियन फोरमन येऊन हातवारे करायचे आणि मी अंदाजानं पाना, बोल्ट, गॅस्केट पुढे सरकवायचो. आधी अवजारांची नावं शिकलो, मग शिव्या, मग जेवणाचे शब्द, आणि व्याकरण सगळ्यात शेवटी. अरबी सौदी ड्रायव्हरांशी गप्पा मारून पक्की झाली. काही वर्षांनी कंपनीच्या लक्षात आलं की माझ्या खिडकीपुढची रांग बोल्टसाठी नसतेच, कोणाला तरी कोणाशी तरी बोलायचं असतं. मग मला गोदामातून उचलून ऑफिसात बसवलं. पगार थोडा वाढला, ऊन बरंच कमी झालं.

लोकांना वाटतं, दोन भाषा आल्या की झाला दुभाषा. तसं नसतं. दुभाषा 'तो म्हणतो' असं कधी म्हणत नाही. समोरचा 'मी थकलो' म्हणाला की आपणही 'मी थकलो'च म्हणायचं, मग आपण नुकतीच बिर्याणी खाऊन आलेले का असेना. उभं राहायचं ते बोलणाऱ्याच्या खांद्यामागे अर्धं पाऊल, म्हणजे ऐकणारा त्याच्याकडे बघतो, आपल्याकडे नाही. चांगला दुभाषा कोणाच्या लक्षात राहत नाही. मी फार चांगला दुभाषा होतो, आणि हे आता मलाच सांगावं लागतंय.

आणखी एक नियम माझा स्वतःचा होता. गाळायचं, पण घालायचं नाही. बोलण्यातला कचरा मी बिनदिक्कत गाळत असे, पण पदरचा एक शब्दही घालत नसे. गाळण्याची वेळ रोजच यायची. तुल्यो नावाचा आमचा एक फोरमन होता. एकदा सौदी सेफ्टी ऑफिसरनं त्याची परांची बंद करायला लावली. तुल्योनं ऑफिसरच्या आईपासून सुरुवात केली, वाटेत दोनतीन संत घेतले आणि परांचीच्या लाकडावर येऊन थांबला. मी अरबीत म्हणालो, "आमच्याकडे वेळ कमी आहे." ऑफिसर माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या लांबलचक बोलण्याचा एवढाच अर्थ का, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं, इटालियन भाषा जरा पाल्हाळिक आहे. दुपारपर्यंत परांची सुरू झाली.

सगळंच गाळता येत नाही. आंजेलो नावाच्या एका वेल्डरला खोकला जात नव्हता म्हणून मी त्याला दम्मामच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर इजिप्तचे, फार सभ्य. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, मला वाईट वाटतं, पण फुप्फुसातली गाठ चांगली दिसत नाही. मी तेच इटालियनमध्ये म्हणालो, 'मला वाईट वाटतं' यासकट. आंजेलोनं डॉक्टरांचे आभार मानले. त्या दिवसापासून मायदेशी जाईपर्यंत तो मेसमध्ये माझ्या टेबलावर बसला नाही. वाईट बातमी त्यानं माझ्या आवाजात ऐकली होती. मला त्याचा राग आला नाही, पण जीव तुटला.

पुढे कंपनीचं काम संपलं आणि इटालियन लोक सामान बांधून गेले. माझ्या मुलीचं, सलमाचं, शाळेचं शेवटचं वर्ष होतं, त्यामुळे मला लगेच गावी परतता येत नव्हतं. त्या सुमारास सौदीत फुटबॉलला उधाण आलं होतं. जगातले नामांकित खेळाडू रियाधला, जेद्दाला उतरत होते. ती झळाळी आमच्यापर्यंत पोचली नाही, पण हौस पोचली. दम्माम आणि जुबैलच्या मधल्या एका गावात दुसऱ्या डिव्हिजनचा एक क्लब होता. त्यांनाही परदेशी कोच हवा होता आणि परवडला तो फक्त गोलकीपरचा कोच, तोही इटालियन. क्लबचे मॅनेजर अबू तुर्की शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांनी मला विचारलं, फुटबॉल कळतो का? मी म्हणालो, कोकणातला माणूस आहे, क्रिकेट कळतं. ते म्हणाले, काही हरकत नाही, आमच्या बोर्डालाही कळत नाही.

तर असा मी इव्हानोचा दुभाषा झालो. पन्नाशीचा, उंच, हाताची दोन बोटं कायमची वाकडी झालेला माणूस. इटलीत खेळाडू कोचला 'मिस्टर' म्हणतात आणि सौदीत 'कॅप्टन', म्हणून त्याला दोन्ही नावं चिकटली. त्याला अरबी तीनच शब्द येत, यल्ला, खलास आणि शुक्रन, म्हणजे चला, पुरे आणि आभार, आणि सराव अर्धाअधिक त्यावरच भागायचा. उरलेला मी. बाजूनं आलेला क्रॉस कसा झेलायचा, पाय कुठे ठेवायचा, हे मी त्याच्या खांद्यामागून इतक्या तावातावानं ओरडायचो की नवीन माणसाला वाटावं मी स्वतःच जन्मभर गोलात उभा होतो. आमचा मुख्य गोलकीपर यासिर, विशीतला, फार गुणी. तो मला मुलीच्या नावानं 'अबू सलमा' म्हणायचा. ती तिकडची रीत आहे, आणि मला ती आवडते.

बाहेरगावच्या सामन्यांना इव्हानोला माझ्या गाडीतून न्यायचो. एकदा अल-अहसाच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी चहा पीत उभे होतो, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "इक्बाल, माझं नाव कधीतरी कोणीतरी फोनवर शोधेल आणि तुला विचारेल. त्याआधी माझ्याकडून ऐक."

इटलीत फुटबॉलमध्ये मॅच फिक्सिंगचं प्रकरण निघालं होतं. वरच्या डिव्हिजनपासून खालपर्यंत बरेच जण अडकले. इव्हानो तेव्हा एका छोट्या शहराच्या संघात दुसऱ्या नंबरचा गोलकीपर होता, म्हणजे बाकावर बसणारा. त्याच्याच संघातला एक मित्र, त्याच्या मुलीचा चर्चमधला धर्मपिता, एका संध्याकाळी गाड्या लावतात तिथे त्याला म्हणाला की रविवारचा सामना बरोबरीत सुटणार आहे, दोन्हीकडून ठरलंय. इव्हानोनं एक पैसा घेतला नाही. सामना तो खेळलाही नाही. पण त्यांच्या फुटबॉलचा कायदा असा की सौदा कानावर आला आणि कळवला नाही, तर तोही गुन्हाच. चौकशीत त्याला विचारलं, ऐकलं होतं? तो हो म्हणाला. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. त्याच्यावर काही वर्षांची बंदी आली आणि बंदी संपली तेव्हा खेळायचं वय संपलं होतं.

मी म्हणालो, झालं गेलं, शिक्षा भोगून झाली. तो म्हणाला, शिक्षा पुढच्या वर्षांची असते, पण संशय मागे जातो. गावच्या बारमधले लोक त्यानं पूर्वी खाल्लेले गोल आठवू लागले. तो कसा सुटला, हा कसा सुटला. त्याच्या वडिलांचं चौकात वर्तमानपत्रांचं दुकान होतं. ज्या दिवशी पोराचा फोटो छापून आला त्या दिवशी म्हाताऱ्यानं एकही अंक लपवला नाही, सगळे आपल्या हातानं विकले. दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडलं नाही. त्या आठवड्यात जेवताना त्यांनी इव्हानोला विचारलं की तू शाळेत असताना पावसात एक गोल खाल्ला होतास, तोसुद्धा असाच होता का?

"मी पंधरा वर्षांचा होतो," इव्हानो म्हणाला. "बॉल ओला होता, हातातून सटकला. रात्रभर रडलो होतो आणि हेच वडील उशाशी बसले होते. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पण मी दिलेलं उत्तर त्यांना पटलंय असं मला अजून वाटत नाही."

ऐकलेलं पोटात ठेवणं हा माझ्या धंद्याचाच भाग होता, आणि हे कोणाला भाषांतर करून द्यायचंही नव्हतं.

हंगामाचा शेवटचा सामना राहिला होता. आमच्या संघाचं वर जाणंही नव्हतं आणि खाली घसरणंही नव्हतं. समोरच्या संघाचं मात्र सगळं या एका सामन्यावर होतं, हरले की खालच्या डिव्हिजनमध्ये. त्या आठवड्यात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर सराव सुरू झाला. यासिर ग्लोव्हजचा पट्टा बांधत होता, इव्हानो त्याच्यासमोर होता, मी नेहमीच्या जागी. यासिर खाली बघत, हलक्या आवाजात, अरबीत बोलला.

"कॅप्टन, माझा मामा त्यांच्या क्लबच्या बोर्डावर आहे. त्यानं मला एक गोल सोडायला सांगितलंय. घरातली गोष्ट आहे म्हणाला."

इव्हानोनं माझ्याकडे वळून सहज विचारलं, काय म्हणतोय?

इतक्या वर्षांत मी असा कधी अडकलो नव्हतो. यासिरचे वडील तो लहान असताना वारले होते. याच मामानं त्याला वाढवलं, पहिले ग्लोव्हज त्यानंच आणून दिले, हे सगळ्या संघाला माहीत होतं. पण मला जी गोष्ट माहीत होती ती यासिरला माहीत नव्हती. मी हे वाक्य इटालियनमध्ये म्हणालो की इव्हानोनं ते ऐकलं असं होणार, आणि ऐकणाऱ्याचं काय होतं ते त्याच्याइतकं कोणाला कळलेलं नव्हतं. वाक्य अजून अरबीतच होतं, तोवर इव्हानो सुरक्षित होता. यासिरचा गुडघा कुरकुरत असे. 'गुडघा दुखतोय' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. गाळायची सवय होतीच. तुल्योच्या शिव्या गाळल्या, साहेबांचे टोमणे गाळले, हे एक गाळायला काय हरकत होती? खरं सांगतो, ते शब्द माझ्या ओठांवर आले होते.

मी यासिरला विचारलं की हे मी पलीकडे दिलं तर परत घेता येणार नाही, देऊ का? दुभाष्यानं असं विचारायचं नसतं, पण मी विचारलं.

तो म्हणाला, "अबू सलमा, मला त्याची भाषा येत असती तर मीच सांगितलं असतं. त्याच्यासमोर मुद्दाम बोललो ना."

इव्हानो बावळट नव्हता. आमचं चाललेलं बघून त्याचा चेहरा बदलला. मी त्याला म्हणालो, "मिस्टर, हे ऐकलंत तर ऐकलंत असं होईल."

त्यानं आपले ग्लोव्हज काढले, एकात एक घातले, काखेत धरले आणि म्हणाला, "सांग."

मी सांगितलं. माझा मामा, मला, मी, असंच सांगितलं, नियमाप्रमाणे. इव्हानो गोलच्या खांबाला टेकून खाली बसला. यासिरही बसला, म्हणून मीही बसलो. दुभाष्यानं बसायचं नसतं, पण त्या दिवशी नियमांचं जरा अवघडच होतं.

इव्हानोनं विचारलं, तू मामाला काय उत्तर दिलंस? यासिर म्हणाला, काही नाही, गप्प राहिलो. मग इव्हानोनं त्याला पेट्रोल पंपावरची सगळी हकीकत सांगितली, आणि मी ती अरबीत म्हणत गेलो. मी ऐकलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी दुकान बंद केलं. एका ठिकाणी माझा आवाज फुटला. इव्हानोचा आवाज साफ होता. यासिर पहिल्यांदाच त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता, म्हणजे धंद्याच्या हिशेबानं मी त्या संध्याकाळी वाईट दुभाषा होतो.

शेवटी इव्हानो म्हणाला, "तू सांग किंवा सांगू नको, तो तुझा मामा आहे. मी ऐकलंय, म्हणून मी उद्या सकाळी अबू तुर्कींकडे जाणार. येणार असलास तर ये."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा यासिर आधीच दारात उभा होता.

अबू तुर्कींनी काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढे केले. त्यांच्याकडे काहवा झाल्याशिवाय आग लागल्याची बातमीसुद्धा सांगता येत नसे. यासिर बोलला. ते सगळं त्यांनी मास्तरांच्या सवयीनं नीट ऐकून घेतलं. मग इव्हानो म्हणाला की माझी साक्ष लिहून घेणार असाल तर मी कोण आहे ते आधी लिहा, माझ्यावर इटलीत बंदी आली होती, असंच ऐकून गप्प राहिलो होतो म्हणून. मी ते अरबीत म्हणालो. अबू तुर्कींनी हातातला कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "इक्बाल, त्याला सांग, हे मी ऐकलं नाही. याची गरज नाही."

भला माणूस. त्याला वाचवायला बघत होता. मी ते इव्हानोला सांगितलं.

"नाही," इव्हानो म्हणाला. "तुम्ही ऐकलंत. लिहा."

त्यांनी लिहिलं. कागद वर गेला, चौकशी झाली, मामाचं बोर्डावरचं पद गेलं आणि त्याला मैदानाची बंदी झाली. सगळं रीतसर झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सामन्यात यासिर खेळला. आमचे दोन गोल झाले होते, आणि मग एक अगदी साधा, लहान मुलानं अडवावा असा बॉल त्याच्या हातातून निसटून आत गेला. आमचा अख्खा बाक त्याच्याकडे बघायला लागला. यासिर जमिनीकडे बघत उभा राहिला. इव्हानो उठून रेषेपर्यंत गेला आणि इटालियनमध्ये ओरडला, "असे जातात! पुढचा बघ!" मी त्याच्यामागून अरबीत ओरडलो. एवढ्या जोरात मी आयुष्यात काही बोललो नसेन. पुढचे सगळे बॉल यासिरनं अडवले. आम्ही जिंकलो, ते खाली गेले.

हंगाम संपल्यावर बोर्डानं इव्हानोचा करार वाढवला नाही. कारण दिलं नाही, पण कागदावर ती जुनी बंदी आता त्याच्याच तोंडून आलेली होती. नवीन कोच आणताना असलं काही नको, असं कोणीतरी म्हणालं असणार. अबू तुर्की मला बाहेर भेटले तेव्हा नजर चुकवत होते. मला भयंकर राग आला होता. पहिल्यांदा सांगितलं नाही म्हणून नोकरी गेली, आणि आता सांगितलं म्हणून.

घरी येऊन मी हे बायकोला, रशिदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमी गप ऱ्हायला असतात तर त्या बिचाऱ्याची नोकरी ऱ्हायली असती." मग तवा उतरवून म्हणाली, "आनि त्या पोराचं काय झालं असतं, ता पन तुमाला म्हायती हाय." दोन्ही खरं होतं.

जाण्याआधी इव्हानो कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, एका अरबी वर्तमानपत्राचे असतील तेवढे अंक घेऊन आला. त्यात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. त्यानं मला वाचायला सांगितलं. क्लबच्या गोलकीपरनं आणि 'एका परदेशी प्रशिक्षकानं' गैरप्रकाराची माहिती वेळेवर दिली, त्याबद्दल समितीनं दोघांची प्रशंसा केली. यासिरचं नाव होतं, त्याचं नव्हतं. मी हळहळलो. तो म्हणाला, चालेल, मला कोणता तो वाचता येणार आहे. एक अंक त्यानं मला दिला, बाकीचे कपड्यांच्या घडीत ठेवले, चुरगळू नयेत म्हणून.

पुढच्या कोचला दुभाषा लागला नाही. तो कानात काहीतरी घालून फोनमधून बोलायचा. सलमा मला म्हणाली, "अब्बा, अब तो ये सब फोन कर देता है." करत असेल. मी मात्र निवृत्ती घेतली. यासिर अजून तिथेच खेळतो. पहिल्या ईदला तो मामाकडे गेला तेव्हा मामा बाहेरच आला नाही. गेल्या ईदला आला. बोलला नाही, पण काहवा त्यानंच ओतला, असं यासिरनं मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी इव्हानोचा व्हिडिओ कॉल आला. तो वडिलांच्या स्वयंपाकघरात होता. म्हातारा टेबलाशी बसला होता, अंगात स्वेटर, हातात तो अरबी अंक. जन्मभर वर्तमानपत्रं विकलेल्या माणसानं तो उलटा धरला होता. मी सांगितलं तेव्हा सुलटा केला आणि बातमीवर बोट ठेवलं. मुलगा म्हणतो यात त्याच्याबद्दल आलंय, म्हणाला, पण मला हे छापलेलं कोणीतरी वाचून दाखवायला हवं. मुलाच्या सांगण्यावर त्याचा भरवसा नव्हता. छापलेल्यावर होता.

माझ्याकडेही एक अंक होता. मी तो समोर घेतला आणि अरबीतून इटालियनमध्ये वाचायला लागलो. गोलकीपरचं नाव वाचलं. पुढे 'एका परदेशी प्रशिक्षकानं' असे शब्द होते. तिथे मी थांबलो नाही. मी इव्हानोचं नाव वाचलं, आडनावासकट, जसं ते त्या चौकातल्या दुकानात विकल्या गेलेल्या अंकांत छापलं होतं तसं.

इव्हानो वडिलांच्या खुर्चीमागे उभा होता. बातमीत त्याचं नाव नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ऐकलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही.

म्हाताऱ्याचं बोट त्याला न समजणाऱ्या त्या अक्षरांवर तसंच होतं. तो म्हणाला, "परत वाचा."

मी परत वाचलं, नावासकट.